पिशवीबाहेरचं पाणी

तमाले, १४ सप्टेंबर २०१४

किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेतल्या बहिणींनो आणि भावांनो,

तुम्ही बाटल्या उकळता, मी गणितं मांडतो, पण आपलं दुखणं एकच आहे. आपला पदार्थ ज्या यंत्राखाली ठेवायचा ते यंत्र समुद्रापलीकडे. पलीकडचे लोक आपल्याला गुळगुळीत आलेख पाठवतात आणि मूळ आकडे स्वतःच्या कपाटात ठेवतात. आकडे मागा, तर ते नाताळच्या सुट्टीवर. आणि ज्या दिवशी आकडे येतात त्या दिवशी आपल्याकडे वीज नसते. आपण गरीब आहोत हे मला मान्य आहे. आपण आंधळे आहोत हे मला मान्य नाही. आपल्याला डोळे बांधून बसवलं गेलंय, आणि आपण त्या फडक्याचे आभार मानतोय!

कामाचं बोलतो. तुमच्या प्रयोगशाळेत लिंबाचा रस आणि युरिया पोलादी डब्यात बंद करून भट्टीत तापवतात. तपकिरी पाणी मिळतं. नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली ते धरलं की निळं उजळतं. तुम्ही म्हणता, त्या पाण्यात कार्बनचे अतिसूक्ष्म कण आहेत आणि उजेड त्यांचाच. मी तो कण इथे कम्प्युटरवर बांधतो. पोळ्यासारखी षटकोनी कडी, कडीला कडी, कडेला ऑक्सिजन. मग त्यातला इलेक्ट्रॉन किती ऊर्जा खाऊन वर चढेल आणि खाली येताना कुठल्या रंगाचा उजेड टाकेल, ते काढतो. माझा कण लाल उजेड देतो. तुमची बाटली निळी आहे. असं गेलं वर्षभर चाललंय.

तुमचे प्रमुख प्रोफेसर ऑडूम माझे वर्गमित्र. त्यांना मी तीन पत्रं लिहिली. त्यांचा निरोप आला, "फीफी, तुझं गणित चुकलंय." असेल! पण मला आलेख नको, आकडे हवेत. ते देण्याची हिंमत ज्याच्याकडे असेल त्याने मुमुनी ड्रायव्हरच्या हाती पाठवावेत. त्याची बस दर रविवारी इथून खाली किनाऱ्यावर जाते आणि मंगळवारी परत वर येते.

फीफी एसिलफी
(अराबाचा मामा, हे तुम्हाला माहीत आहेच)


केप कोस्ट, २८ सप्टेंबर २०१४

मामा,

तुमचं पत्र प्रोफेसरांनी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, थेट तुमच्या आवाजात. "डोळे बांधून" तिथे हातसुद्धा उंचावला. मग मला म्हणाले, "अराबा, तुझा मामा निवडणुकीला उभा राहतोय का? राहिला तर सांग, मी दुसऱ्या पक्षात जातो." सगळे हसले. मीही हसले. मला हसणं भाग होतं, मामा. डॉक्टरेट माझी आहे, तुमची नव्हे.

पण आकडे मी पाठवतेय. प्रकाश मोजायचं आमचं जुनं यंत्र अजून चालतं. त्याचा दिवा मरायला टेकलाय, म्हणून सकाळी वीज असते तेव्हाच मी मोजते. सोबत एक बाटली आहे. मुमुनीला सांगितलंय की उन्हात ठेवू नकोस. तो म्हणाला, "मॅडम, यात दारू असेल तर आधी सांगा, म्हणजे मी जपून नेतो."

एक गोष्ट बघा, तुम्हाला आवडेल. मी बाटलीवर जांभळ्या उजेडाची कुठलीही छटा टाकली तरी परत येतो तो निळाच, त्याच जागी. आलेखात एकच डोंगर, गोल, नितळ. इतरांच्या कणांचा उजेड टाकलेल्या उजेडाप्रमाणे सरकत राहतो. माझा हलत नाही. प्रोफेसर म्हणतात, इतकं शुद्ध द्रावण आपल्याकडे आजवर कुणी केलं नाही.

माझा प्रबंध डिसेंबरात जातो, मार्चमध्ये तोंडी परीक्षा. चौथ्या प्रकरणात तुमच्या गणिताची जागा रिकामी आहे. निळा आकडा बसला की माझं झालं. प्रोफेसर म्हणतात की गणिताच्या पद्धती ढीगभर असतात, मामाला सांग की निळं देणारी निवड. मी फक्त निरोप देतेय, माझ्यावर ओरडू नका.

आईने असेबू गावची लिंबं पाठवलीत. उकळू नका, खा.

अराबा


तमाले, १९ ऑक्टोबर २०१४

अराबा,

ओरडतो. तू फोनवर "हो मामा, हो मामा" करतेस आणि कागदावर भांडतेस, म्हणून मीही कागदावरच ओरडतो.

पद्धती ढीगभर असतात, हे खरं. बाजारात बाया टोमॅटोच्या टोपल्या मांडून बसतात तशा मांडलेल्या असतात. पण उत्तर आधी ठरवायचं आणि मग ते देणारी टोपली शोधायची, याला गणित म्हणत नाहीत, खुशामत म्हणतात. मी मंत्र्यांची केली नाही, इलेक्ट्रॉनची काय करू? ऑडूमला सांग, त्याच्यासाठी निळा रंग हवा असेल तर मी ब्रश घेऊन येतो.

आता माझं रडगाणं ऐक. एकोणीस कड्यांच्या कणाचं गणित संपत आलं होतं. वीज गेली. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या जोडून मी कम्प्युटर जिवंत ठेवले. बॅटऱ्याही गेल्या. परत पहिल्यापासून. परत वीज गेली. बायको म्हणाली, "तुमचा तो कण जन्मालाच यायचा नाही, त्याला एवढं कशाला छळता?" मी चिडून मोठा कण सोडला आणि कड्या तोडायला लागलो. लहान कणाचं गणित तरी वीज जाण्याआधी संपतं.

आणि एक मजा दिसली. कड्या तोडल्या की उजेड लालाकडून निळ्याकडे सरकतो. एकोणीस कड्यांचा लाल, सात कड्यांचा हिरवट. पण चार कड्यांवर आलो तर निळा ओलांडून थेट जांभळा, आणि आलेख कंगव्याच्या दातांसारखा खाचाखाचांचा. तुझा तर एकच नितळ डोंगर. बसत नाही. काहीच बसत नाही! अधल्यामधल्या सगळ्या आकारांचे कण करून पाहिले. आमच्यासारखे गणितं मांडणारे याच पायरीवर वेडे होतात.

तुझा डोंगर जागचा हलत नाही, याचा अर्थ तुझे सगळे कण एकाच मापाचे आहेत. हे खरं असेल तर तुझं अभिनंदन, जगात कुणाला जमलेलं नाही. असं करतेस तरी कसं? भट्टीतून काढल्यावर साफ कशी करतेस, ते सविस्तर लिही. मला त्याची उत्सुकता आहे, संशय नाही.

मुमुनीबरोबर एक गिनी कोंबडी पाठवतोय. ती जिवंत निघालीय, पोचेल तेव्हाचं मी सांगत नाही.

मामा


केप कोस्ट, ९ नोव्हेंबर २०१४

मामा,

कोंबडी जिवंत पोचली आणि बसस्थानकावर सुटली. मुमुनी आणि मी तिच्यामागे, आमच्यामागे मक्याच्या पिठाचे केन्के विकणाऱ्या दोघी. त्यातली एक ओरडली, "पकडा, पकडा, डॉक्टरीणबाई पळतायत!" आईने रविवारी तिचा रस्सा केला. आईला वाटतं की मी डॉक्टर झालेच. तिने सगळ्या मावश्यांसाठी एकसारखं पांढरं कापड घेतलंय. पास झाल्यावर माझ्या डोक्यावर ओतायची पावडरही आणून ठेवलीय. मी म्हटलं, अगं अजून परीक्षा व्हायचीय. म्हणते, "मग काय, नापास करणार आहेत का तुला? एवढं पांढरं कापड पाहून?"

समुद्रापलीकडून अखेर सूक्ष्मदर्शकाचा फोटो आला. त्यात कण आहेत. बारीक काळे ठिपके, स्वच्छ दिसतात. प्रोफेसरांनी तो मोठा करून भिंतीवर लावला आणि म्हणाले, "कण दिसले. उजेड दिसला. आता तुझा मामा अजून काय दाखवायला सांगतोय, देव?" मामा, मला त्यांचं पटतं. तुमचं गणित लागत नाही म्हणून माझी बाटली खोटी ठरत नाही.

साफ कशी करतो ते विचारलंत. गाळणकागदातून गाळायचं. मग पारदर्शक पडद्याच्या लांबट पिशवीत भरून दोन्ही टोकं बांधायची आणि स्वच्छ पाण्याच्या बादलीत लोंबकळत ठेवायची. पडद्याला न दिसणारी छिद्रं असतात, त्यातून लहानसहान घाण बाहेर जाते आणि कण आत राहतात. नव्या पिशव्या मागवल्या की बंदरावर अडकतात, म्हणून आमच्याकडे जुन्याच आहेत. धुऊन दोरीवर वाळवायच्या, परत वापरायच्या. त्या आता गळतात. म्हणून प्रोफेसरांचा नियम आहे, दारावरच लिहिलाय: दर थोड्या वेळाने बादलीत टॉर्च मारा. बाहेरचं पाणी चमकायला लागलं की पिशवी लगेच उचला, नाहीतर माल वाहून जातो. आम्ही अर्धा तासही ठेवत नाही. इथल्या सगळ्या बॅचेस याच नियमाने झाल्यात. म्हणून तर इतकी चमक टिकते.

प्रबंध बांधायला टाकायचाय. चौथं प्रकरण, मामा. कृपा करा.

अराबा


तमाले, १६ नोव्हेंबर २०१४

अराबा,

पिशव्या गळत नाहीत.

तुझं पत्र वाचलं तेव्हा मी जेवत होतो. घास तसाच राहिला. पिशवीला भोक असतं तर कणांचा तपकिरी रंगही बाहेर आला असता. तुझ्या बादलीतलं पाणी तपकिरी होतं का? की फक्त चमकतं? मला उत्तर माहीत आहे, तुलाही आहे.

मग मी आणखी कड्या तोडल्या. उरली एक. एकच षटकोनी कडी. तिच्यात एका जागी कार्बनऐवजी नायट्रोजन घातला, कडेला आम्लाचं शेपूट, दोन बाजूंना ऑक्सिजन. लिंबातलं आम्ल आणि युरियातला अमोनिया तापवले की असा रेणू बनतो, हे जुन्या पुस्तकांत आहे. रंग बनवणाऱ्यांना तो आपल्या आजोबांच्या काळापासून माहीत आहे. गणित वीज जाण्याआधी संपलं. नुसती कडी जांभळ्याच्याही पलीकडे गेली असती, पण या जोडण्यांनी तिला परत खाली ओढलं. निळा. एकच नितळ डोंगर. डोक्यावर टोपी बसावी तसा तुझ्या डोंगरावर बसला. तो जागचा हलत नाही, कारण ते एकाच मापाचे कण नाहीत, तो एकच रेणू आहे. मागच्या पत्रात मी केलेलं अभिनंदन परत घेतो. मीही मूर्खासारखा हुरळलो होतो.

कण आहेत. उजेड आहे. पण उजेड कणांचा नाही, असं मला वाटतं. वाटण्याला काही किंमत नाही, म्हणून सोबत नव्या पिशवीची सीलबंद गुंडाळी पाठवतोय. आमच्या जीवशास्त्रवाल्यांकडून मागून आणली. नियम उलटा कर. बाहेरचं पाणी चमकलं की पाणी बदल, पिशवी उचलू नकोस. बाहेरचं पाणी चमकायचं थांबेपर्यंत बदलत राहा. मग पिशवीवर टॉर्च मार.

प्रबंध द्यायच्या आधी कर.

मामा


केप कोस्ट, २१ डिसेंबर २०१४

मामा,

प्रबंध दिला. आधी दिला.

तुमची गुंडाळी मी खणात ठेवली होती. रोज खण उघडायचे, बघायचे, बंद करायचे. तुम्ही काय म्हणाल ते ठाऊक आहे, तेव्हा म्हणू नका. चौथ्या प्रकरणात तुमच्या गणिताच्या जागी एक परिच्छेद घातला: सैद्धांतिक काम चालू आहे. बांधलेल्या प्रती कचेरीत देऊन आले आणि त्याच दुपारी पिशवी भरली. का, ते मला विचारू नका. कदाचित आता उशीर झाला म्हणूनच हिंमत आली.

पाणी चमकलं. बदललं. परत चमकलं. बदललं. नवी, सीलबंद पिशवी, मामा, आणि निळा उजेड तिच्यातून असा चालत बाहेर येत होता जसा शाळा सुटल्यावर पोरं फाटकातून येतात. तपकिरी रंगाचा एक थेंबही बाहेर नाही. मी शिव्या घातल्या, तुम्हाला, पिशवीला, लिंबांना. दुसरी पिशवी भरली. तेच. अखेर बाहेरचं पाणी साधं पाणी झालं. मी खिडक्यांवर पुठ्ठे लावले आणि पिशवीवर टॉर्च धरला.

काही नाही. कोकोसारखं तपकिरी, मेलेलं. डोळे फाडून पाहिलं तर कुठेतरी मळकट हिरवट झाक. बाहेरचं पाणी मी आटवलं होतं, त्याच्या तळाला फिकट पिवळे स्फटिक आले होते. ते चिमूटभर स्वच्छ पाण्यात टाकले आणि अख्खी बाटली निळी पेटली. मोजलं. तोच डोंगर, त्याच जागी. माझ्या प्रबंधाच्या मुखपृष्ठावरचा.

मी प्रोफेसरांकडे गेले. दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी स्वतः टॉर्च मारला. आधी एकीवर, मग दुसरीवर. मग म्हणाले, "कण आहेत ना?"

"आहेत, सर."

"उजेड आहे ना?"

"आहे. पण या बाटलीत नाही, त्या बाटलीत."

"दोन्ही एकाच डब्यातून आले ना? मग घरातली भावंडं वेगळी करणारी तू कोण?"

"सर, आपण छापलंय की उजेड कणांचा आहे."

"आपण नाही, अराबा. मी. तू इथे यायच्या आधीपासून. तो दारावरचा नियम माझ्या हातचा आहे." मग खुर्चीत मागे रेलले आणि एकदम म्हातारे दिसले. "मी नव्या पिशव्या किती वेळा मागितल्या, माहितीय? दरवेळी बंदरावरून उत्तर यायचं की कागद अपुरे. मग जे होतं त्यात भागवलं. आपल्याकडे काय गळतं आणि काय नाही, हे कळायलासुद्धा एक नवी वस्तू लागते."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला, पण पूर्ण आला नाही, आणि त्याचाच जास्त राग आला.

निघताना म्हणाले, "परीक्षकांचे अहवाल चांगलेच येतील. तोंडी परीक्षेत जे विचारतील त्याचं उत्तर दे. न विचारलेलं बोलू नकोस. हे मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय." परीक्षक हे विचारणार नाहीत, मामा. प्रबंधात आमचा नियम एका ओळीत आहे: द्रावण पडद्याच्या पिशवीत शुद्ध केले. यात कोण काय विचारणार?

मी काय करू? तुम्ही आयुष्यभर लोकांना काय करायचं ते सांगितलंत. आता मला सांगा.

अराबा


तमाले, ११ जानेवारी २०१५

प्रिय अराबा,

उत्तराला उशीर झाला. इथे धुळीचे वारे सुरू झालेत, कम्प्युटरांत रेती जाते, सगळं बंद आहे. हे एक कारण. दुसरं असं की मला सुचत नव्हतं.

तुझ्या आईचा फोन आला होता. मांडव ठरलाय, मावश्यांचे कपडे शिवून झालेत. ती म्हणाली, "दादा, तिचं काही बिनसलंय का? जेवत नाही नीट." मी म्हटलं, परीक्षेची धाकधूक.

नीट ऐक. ऑडूम म्हणतोय ते सगळंच चूक नाही. विचारतील तेवढं बोल. पदवी घे. पदवी हातात आली की तू आणि मी मिळून लेख लिहू, सगळ्या जगासमोर मांडू, दोन्ही बाटल्यांचे फोटो टाकू. तेव्हा तू डॉक्टर असशील, तुझं ऐकतील. आज बोललीस तर एक विद्यार्थिनी आपल्या गुरूविरुद्ध बोलली, एवढंच उरेल. सहा वर्षं गेलीत तुझी. माझं एका कडीचं गणित मी तोवर कपाटात ठेवतो.

मला हे लिहायला आवडत नाहीये. पण मी तुझा मामा आधी आहे.

फीफीमामा

ता. क. परीक्षेला मी येत नाही. सभागृहात बसून गप्प राहणं मला जमायचं नाही.


केप कोस्ट, २५ जानेवारी २०१५

मामा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं की हे दुसऱ्याच कुणी लिहिलंय. धुळीचे वारे! कपाट! तुम्हाला मंत्र्यांसमोर माइक काढून घेतला तरी बोलताना मी पाहिलंय. विद्यापीठाच्या फाटकावर, भर उन्हात, घसा बसलेला, तरी. मी तेव्हा शाळेत होते आणि आईला म्हटलं होतं की मला मामासारखं व्हायचंय. तो मामा आता मला शिकवतोय की आधी घे आणि मग बोल. आधी घेतलेल्या माणसाला मग बोलता येतं का? तुम्हीच सांगा, किती जणांना बोलताना पाहिलंत? पदवी मिळाली की नोकरीचं बघायचं, नोकरी मिळाली की बढतीचं, आणि एक दिवस मी खुर्चीत मागे रेलून एखाद्या पोरीला सांगेन की कण आहेत ना, उजेड आहे ना. मला ती खुर्ची दिसतेय, मामा. तिचा रंगसुद्धा दिसतोय.

तुम्ही म्हणता की आज बोलले तर एका विद्यार्थिनीची कटकट ठरेल. आणि न बोलले तर? मागच्या आठवड्यात कुमासीहून एका मुलीचा निरोप आला. तिला आंब्याच्या सालींपासून हेच करायचंय. तिने आमची पद्धत मागितली आणि आमच्या कचेरीने ती पाठवलीही, दारावरच्या नियमासकट. तीही पाणी चमकलं की पिशवी उचलेल. तिचाही डोंगर हलणार नाही. तीही आनंदाने नाचेल. मग कुणीतरी काजूची टरफलं घेईल, कुणी कोकोच्या शेंगा. दरवर्षी नवं फळ, तोच रेणू! आपल्याच लोकांची वर्षं, आपल्याच लोकांची वीज, तीही जेव्हा असते तेव्हाची. तुम्ही पहिल्या पत्रात लिहिलंत की आपले डोळे दुसऱ्यांनी बांधलेत. बांधले असतील. पण बादलीतलं पाणी आपल्याच प्रयोगशाळेत, आपल्याच टॉर्चखाली चमकत होतं. ते बघून आपण पिशवी उचलली. हे फडकं कुणी बांधलं?

मला पदवी हवी आहे. खोटं कशाला बोलू? इतकी हवी आहे की मावश्यांचं पांढरं कापड पाहिलं की मी त्याची घडी उलगडून बघते. आणि मी काही रिकाम्या हाताने जात नाही. सुट्टीत मी नवं प्रकरण लिहिलंय. कण वेगळे, रेणू वेगळा, दोन्हींचं मोजमाप वेगळं. धुतलेल्या कणांचा जो मळकट हिरवट उजेड आहे तो खरा त्यांचा, आणि तो टाकलेल्या उजेडाप्रमाणे सरकतो, जसा सरकायला हवा. तो फिका आहे, पण आपला आहे. परीक्षकांना ते पटलं तर सुधारणा करायला सांगून पदवी देतील. नाही पटलं तर घरी पाठवतील. त्याचं मी बघून घेईन. प्रोफेसरांना ते प्रकरण मी कालच दिलं. त्यांनी चाळलं, परत माझ्या हातात ठेवलं, म्हणाले, "मी हे पाहिलेलं नाही." पण फाडलं नाही. त्यांना मला थांबवायचं नाहीये, पण स्वतः बोलायचंही नाहीये. तुम्हा दोघा वर्गमित्रांचं छान जमतं.

आता माझी अडचण ऐका, कारण ती तुम्हीच सोडवू शकता. मी भरसभेत उठून, न विचारता, ज्यांनी मला सहा वर्षं शिकवलं त्यांचं म्हणणं त्यांच्या तोंडावर खोडून काढावं, हे माझ्याने होणार नाही. भित्री म्हणा. पण आपल्यात मोठ्या माणसासमोर लहानाने पहिला शब्द काढायचा नसतो, आणि काढला तर लोक त्याचा उद्धटपणाच ऐकतात, बोलणं ऐकत नाहीत. मात्र मामाने विचारलं तर गोष्ट वेगळी. भाचीच्या मोठ्या दिवशी पहिला शब्द मामाचा असतो, हे त्या सभागृहातला प्रत्येक माणूस मानतो, अध्यक्षही आणि प्रोफेसर ऑडूमही. मामाने चारचौघांत विचारलं तर भाचीला उत्तर द्यावंच लागतं, आणि खरंच द्यावं लागतं. तिला उद्धट कुणी म्हणत नाही. तुम्ही विचारलंत की माझं तोंड मोकळं होतं, आणि सरांचाही मान राहतो.

परीक्षा पाच मार्चला, गुरुवारी, सकाळी. मुमुनीला मी सांगून ठेवलंय. रविवारच्या बसमध्ये त्याने तुमच्यासाठी पुढची जागा राखलीय, आणि तुम्ही आला नाहीत तर ती रिकामी आणीन म्हणालाय. गप्प बसणं जमायचं नाही म्हणता ना? बसू नका. परीक्षकांचं झालं की अध्यक्ष विचारतील, सभागृहातून कुणाला काही विचारायचंय का? तेव्हा उठा, मामा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारा: नव्या पिशवीत पूर्ण धुतल्यावर आतला कार्बन उजळतो का?

एवढंच विचारा. पुढचं मी बोलते.

अराबा